बेअरची दोन स्पेलिंगं

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बहिणी बसल्या होत्या. धाकटी रडकुंडीला आली होती.

"ताई, काम शुक्रवारपर्यंत लांबणार होतं, म्हणून मी साहेबांना इंग्रजीत मेसेज केला. तोपर्यंत जरा सांभाळून घ्या, असं लिहायचं होतं."

"मग बिघडलं काय?"

"त्यात 'बेअर विथ मी' लागतं गं. त्या 'बेअर'ची दोन स्पेलिंगं आहेत. एक सहन करण्याचं, तेच अस्वलाचंही."

"आणि दुसरं?"

"उघडं होण्याचं."

"तू कुठलं लिहिलंस?"

"अस्वलाचं नाही लिहिलं."

"अगं बाई! म्हणजे शुक्रवारपर्यंत माझ्यासोबत कपडे काढून बसा, असं कळवलंस साहेबांना?"

"हळू बोल ना! लोक बघतायत."

"बघू देत. दुखरी दाढ तरी विसरतील. साहेब काय म्हणाले?"

"उत्तर आलंय, पण उघडायची हिंमत होत नाहीये. नोकरी गेली माझी."

"आण तो फोन इकडे. हं... लिहिलंय, 'काळजी नसावी. मीच काय, आपलं अख्खं ऑफिस तुमच्यासोबत बेअर करेल.'"

"स्पेलिंग कुठलं आहे?"

"तुझंच. नोकरी वाचली बघ. फक्त शुक्रवारपर्यंत ऑफिसात पाऊल टाकू नकोस."