ओळीला तीन

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीआधी थेंब घातले की अर्धा तास डोळे मिटून बसायचं. शिंपीणबाई तशाच बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते.

"सूनबाईचा मेसेज आलाय. 'रीच्ड होम'. एवढंच."

"पुढे चिन्ह कुठलं?"

"पूर्णविराम. महिनाभर उद्गारचिन्ह एकही नाही. पूर्वी ओळीला तीन-तीन असायची."

"चुकीचंच होतं ते. इंग्रजीत अगदी खरोखर नवल वाटलं तर द्यावं, तेही एकच."

"म्हणून तुम्ही तिचा मेसेज कागदावर उतरवलात, लाल खुणा केल्यात आणि फोटो काढून तिलाच पाठवलात."

"चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. हात थांबत नाही."

"कुंडीत कळी आली तरी पोरगी हौसेनं कळवायची. आता बरोबर लिहिते आणि दोन शब्दांत आटपते."

शिंपीणबाईंना एक डोळा किलकिला करून बघायचा मोह झाला, पण तो त्यांनी आवरला.

"थेंबांमुळे मला आत्ता दिसत नाही. तूच लिही. 'वी मिस युवर मेसेजेस'."

"पुढे पूर्णविराम?"

"उद्गारचिन्ह."

"एक?"

"तीन दे."

"चूक ना ते?"

"चूकच आहे. दे."

थोड्याच वेळात फोन वाजला.

"काय म्हणते?"

"शब्द एकही नाही. ओळभर नुसती उद्गारचिन्हं."

"किती?"

"आता तीही तपासणार?"

"नाही गं. नुसती मोजून सांग."