एका टाकीत दोन माद्या

(माशांच्या पैदाशीची खोली. भिंतीलगत नऊ काचेच्या टाक्या, हवेच्या पंपांची घरघर. बाबा हातात जाळी घेऊन उभे. लेक दारात.)

लेक : मेली? अहो, परवाच तर आणली मी! दुकानातली सगळ्यात टपोरी मादी निवडली होती.

बाबा : मारली तिला. शेपटी पार कुरतडलीय, बघ.

लेक : कुणी, त्या जोकर माशानं? बायको मेल्यापासून बिचारा एकटाच टाकीतल्या त्या अंड्यांच्या कुंडीभोवती घुटमळायचा, म्हणून तर सोबत आणली. आणि उपकार असे फेडले!

बाबा : मला विचारायचंस.

लेक : विचारलं होतं. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. हल्ली सगळ्यालाच बरं म्हणता.

बाबा : म्हणालो असेन.

लेक : पण नर कसा मारेल मादीला?

बाबा : तो आता नर कुठं राहिलाय? ह्या माशांत आकारानं मोठी ती मादी. ती मेली की तिचा नवरा हळूहळू मादी होतो. पुढं अंडीही तोच घालतो. महिना-दोन महिने लागतात. तू ती आणलीस तेव्हा ह्याचं अर्धंअधिक झालं होतं. एका टाकीत दोन माद्या नांदत नाहीत.

लेक : अगं बाई! मला काय माहीत? मग आता?

बाबा : तीन नंबरच्या टाकीतलं एखादं लहान पिल्लू सोडायचं. ते होईल नर. तुझी आई तसंच करायची, वहीत लिहून ठेवलंय तिनं. तू काही खाल्लंस का? उपाशीपोटी गाडी चालवत येतेस, चक्कर येऊन पडशील एक दिवस.

लेक : बाबा... आईच बोलली असं वाटलं.

बाबा : कुणीतरी विचारायला हवं ना.

लेक : आणि तुम्ही जेवलात?

बाबा : आठवत नाही.

लेक : म्हणूनच म्हणते, माझ्याकडे राहायला चला. चारला तो दुकानवाला येतोय टाक्या न्यायला.

बाबा : बरं.

लेक : पुन्हा बरं! अहो, भांडा की माझ्याशी. आई गेल्यापासून तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही. मला भीती वाटते तुमची.

बाबा : रडू येत नाही गं. दुःखसुद्धा होत नाही, खरं सांगतो. सकाळी पाणी बदलतो, खाणं घालतो, तिची वही भरतो. हात चालतात. बाकीचा मी कुठंय, मला ठाऊक नाही.

लेक : तुम्हाला काय हवंय? एकदाच सांगा.

बाबा : सदतीस वर्षं ते तीच ठरवायची. माझं काम अंड्यांना वारा घालायचं, नर मासा पर हलवून घालतो तसं.

लेक : थट्टा नको, बाबा.

बाबा : ह्या खोलीत असलो की जरा बरं वाटतं. तेवढंच वाटतं. टाक्या गेल्या तर तेही जाईल.

लेक : मग त्याला नको म्हणून सांगा. मी नाही सांगणार. तुम्हीच करा फोन.

बाबा : दुकानदारांशी तीच बोलायची.

लेक : हा घ्या तिचा फोन. त्याचा नंबर ह्यातच होता, म्हणून टाक्या न्यायचा निरोपही मी ह्यावरूनच धाडला.

बाबा : म्हणजे त्याला वाटतंय, तिनंच...

लेक : हो. त्याला कळवायला हवं होतं. माझा धीर झाला नाही.

बाबा : दे, लावून दे.

लेक : वाजतोय. घ्या.

बाबा : हॅलो... नाही, मॅडम नाहीत, मी त्यांचा नवरा. टाक्या द्यायच्या नाहीत... हो, निरोप आला असेल... तिला विचारून नाही सांगता येणार... नाही हो, गावाला नाही. वारली ती. दोन महिने झाले... हो. हे मीच ठरवलंय.