पथकाचा चेहरा

...आणि बक्कल! बक्कल तर राहिलंच! तुम्हाला सांगतो, शर्टाची बटणपट्टी, पट्ट्याचं बक्कल आणि पँटची चेन, तिन्ही एका सरळ रेषेत आली पाहिजेत म्हणे. फूटपट्टी लावून बघतात हो! आता माझी बेकरी, जन्मभर बिस्किटं चाखत आलो, हे पोट काय मी हौसेनं वाढवलंय? पट्टी गळ्यापासून सरळ निघते, पोटाचं वळण आलं की डावीकडे वळते, आणि बक्कल खाली कुठेतरी तोंड लपवून बसतं... कसली रेषा नि कसलं काय! अहो, आम्ही स्वयंसेवक माणसं! आपल्या पायांनी आलो, कुणी पकडून आणलंय का आम्हाला?

मदत पथक आमचं. पूर आला, आग लागली, की सरकारी माणसांच्या हाताखाली धावायचं. पथकात कोण? मी, एक गॅरेजवाला, दोन मास्तर आणि एक दातांचा डॉक्टर. आधी मळक्या कपड्यांत जायचो, काम करायचो, घरी येऊन शिव्या खायचो. सगळं कसं सुरळीत! मग प्रमुख बदलले. नव्या साहेबांचा जन्म गेला कापडाच्या दुकानात. त्यांना माणूस दिसतच नाही, आधी कापड दिसतं! पहिल्याच दिवशी माझी कॉलर दोन बोटांत धरून म्हणतात, "हं... धुतल्यावर आटलंय." अहो, ते नाही आटलं साहेब, मी फुगलोय!

मग नियम सुरू. मिशी ओठाच्या कोपऱ्याबाहेर जायची नाही. बुटात तोंड दिसलं पाहिजे. मी म्हटलं, "साहेब, बुटात माझं तोंड दिसून बुडणाऱ्याचं काय भलं होणार?" तर साहेब, नाकातून बोलतात ते, "नीटनेटका गणवेश दिसला ना, की माणूस तिथंच अर्धा वाचतो." अर्धा! आणि उरलेला अर्धा? तो कुणी वाचवायचा, परटानं? वर शेवटचा नियम, ज्याचा गणवेश नीट नाही त्याला बोटीत जागा नाही.

इथं माझं घोडं अडलं. कारण मला बोटीतच बसायचं होतं हो! हसू नका. आयुष्यभर या हातांनी पीठ मळलं, एकदा तरी याच हातांनी कुणाला तरी पाण्यातून वर ओढावं, एवढी एकच इच्छा. दोराच्या गाठी शिकलो, वल्हं मारायला शिकलो, आणि आता माझी बोट अडली कशावर? तर चेनवर!

काय करता, अडला हरी! स्वतःच्या बेकरीत बसून काकडी खाल्लीय मी, काकडी! गिऱ्हाईक विचारायचं, "काय शेठ, आपली बिस्किटं आपल्यालाच सोसत नाहीत वाटतं?" मिशी कोपऱ्यापुरती कापायची होती, तर न्हाव्याचा हात घसरला. एका बाजूची गेली, मग दुसरी ठेवून काय करू? घरी आलो, बायकोनं दार उघडलं, म्हणाली, "ते घरी नाहीत." इस्त्री करून दे म्हटलं, तर इस्त्रीच हातात दिली. "पथक तुमचं, पँट तुमची, चटकेही तुमचेच." आणि चटके बसले हो! कोपरापर्यंत! कुणी पकडून आणलं होतं का मला?

आणि परवा नदी फुगली. खालच्या गल्लीत छातीएवढं पाणी, एका घराच्या पत्र्यावर म्हातारी आजी अडकलेली. मी पोचलो तो कसा... कडक! पट्टी, बक्कल, चेन, गवंड्यानं ओळंबा धरून बघावं! साहेबांनी रांग लावली. मी ओरडतोय, "साहेब, आजी!" "आधी तपासणी!" माझ्यापाशी आले. थांबले. फूटपट्टी लावली... डोळे भरून आले हो त्यांचे! म्हणाले, "याला म्हणतात गणवेश!"

झालं! मी एक पाय बोटीत टाकला, आणि मागून माझा पट्टा धरला कुणीतरी. साहेब! "तुम्ही कुठे निघालात? चिखल आहे तिकडे! पेपरवाले येतायत, तुम्ही काठावर थांबा. तुम्ही पथकाचा चेहरा!"

"अहो साहेब, पण नियम? गणवेश नीट नाही त्याला बोट नाही!"

"नियम बरोबरच आहे हो, पण असा गणवेश काय रोज जमतो?" असं म्हणून खिशातून पांढरे शुभ्र हातमोजे काढले आणि स्वतःच्या हातांनी मला चढवले. आणि बोटीत कोण गेलं? गॅरेजवाला! ग्रीसनं माखलेला, शर्टाची दोन बटणं बेपत्ता! का? तर साहेब म्हणतात, "त्याचे कपडे तसेही गेलेलेच आहेत."

मी उभा. काठावर. सरळ रेषेत. डोळ्यांदेखत त्यानं आजीला पत्र्यावरून उतरवलं, बोटीत बसवलं, बोट काठाला लावली. मला राहवेना. रांग गेली खड्ड्यात! पुढे झालो, वाकलो, हात पुढे केला, "या आजी, हात द्या."

आजीनं माझ्या मोज्याकडे पाहिलं. मग आपल्या चिखलानं भरलेल्या हाताकडे पाहिलं. आणि हात मागे घेतला हो तिनं... "नको साहेब, तुमचं पांढरं खराब होईल." म्हणाली, आणि काठावरचा कठडा धरून, कण्हत कुथत, एकटीच वर चढली.

साहेबांनी मागून माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास! एवढा पूर आला, पण एक डाग पडू दिला नाहीत!"