दूर बसलेली सून

काही नाही म्हणजे? अहो डॉक्टरीणबाई, असं म्हणू नका — आणि हळू बोला, माझा मुलगा व्हरांड्यातच बसलाय, त्र्यंबक. गोदा पडद्याआड लुगडं नेसतेय, नेसू दे, मी तिची सासू, मला सांगा. महिन्यातून दोनदोनदा कावळा शिवतो पोरीला, कोपऱ्यात घोंगडीवर बसते, वेगळं ताट, वेगळा तांब्या — हा रोग नव्हे तर काय? त्र्यंबकच म्हणाला, दाखवा एकदा बाईंना. असं बघू नका हो माझ्याकडे. बरं, नाही शिवत. झालं? खोटं बसते. आणि हे तिला सुचलेलं नाही, तिच्यात कुठली एवढी हिंमत — मीच म्हटलं, जा, बस.

मागच्या बाळंतपणात खाटेखालचं रक्त मी या हातांनी पुसलंय, बाई. तेव्हाच्या डॉक्टरांनी त्र्यंबकला समोर बसवून सांगितलं, पुन्हा दिवस राहिले तर ही हाती लागायची नाही. काय म्हणाला? रामाची इच्छा! आणि ती बाळंतिणीच्या खोलीतून उठली न उठली तोच — जाऊ दे, आईनं काय बोलायचं. मुंबईला दिवस राहू नयेत म्हणून काही साधनं मिळतात म्हणे. विचारायला आले होते ना मी इथंच, तुमची नर्स म्हणाली, तिच्या नवऱ्याची संमती आणा. नवऱ्याची! तो हो म्हणणारा असता तर मी बोडकी बाई पंचवटीतून पूल ओलांडून तेव्हा एकटी चोरासारखी कशाला आले असते?

तसा वाईट नाही हो तो. गंगेवर याज्ञिकी करतो, यजमान पाया पडतात, सोवळ्याचा फार कडक. बायको मरेल म्हटलं तर थांबत नाही, विटाळ म्हटलं की उंबऱ्याबाहेर थांबतो. मग मी काय करायचं? त्याला जे कळतं तेच सांगितलं. तुम्ही फक्त एवढं म्हणा, अंगावरून जातं, वर्षभर दूर राहा. तुमचं ऐकेल तो.

खोटं कसं बोलू? अहो, तुमचं एक खोटं! माझ्या घरात तर — ऐकून सोडून द्या हं — गेल्या महिन्यात नुकती खोटी बसून उठली आणि मग खरोखरच आली अडचण. पुन्हा कशी बसवू? म्हटलं, राहा उभी चुलीशी. तिच्याच हातचा नैवेद्य त्यानं रामाला दाखवला, आणि वर म्हणाला, आज पुरणपोळी छान झालीय. मी हसलेसुद्धा. रात्रभर झोप नाही, पण हसले.

नाही, त्याला हाक मारू नका — समजावून सांगता? खरं तेच सांगता? खरं त्याला सांगून झालंय, बाई! त्या आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुमच्यासारखंच, शांतपणे, चष्मा पुसत —

ये रे, त्र्यंबक. ये आत. बाई म्हणतायत, बायको तुझी ठणठणीत आहे. ने घरी.