शर्वरीसाठी विनंती

पाळक : आणि आज वार कोणता, मावशी?

प्रेमलाबाई : बुधवार. महिना, साल, पंतप्रधान, सगळं एकदमच विचारून टाका. चहा गार व्हायच्या आत तुमची परीक्षा उरकेल.

पाळक : परीक्षा कसली? सहज विचारलं.

प्रेमलाबाई : या उन्हात विश्रांतवाडीपर्यंत स्कूटर हाणत सहज आलात होय? दीड वर्ष झालं तुम्हाला आमच्या चर्चच्या मंडळीत येऊन. माझ्या घरी आज पहिल्यांदा पाय लागले. बोला, काय ते बोलून टाका.

पाळक : रागावू नका हं. लेंटचे उपासाचे दिवस सुरू झाल्यापासून दर बुधवारी कुणाच्या तरी घरी होणाऱ्या कॉटेज मीटिंगला तुम्ही शर्वरीसाठी प्रार्थनेची विनंती सांगताय. सासरी तिला खोलीत कोंडतात, बाहेरून कडी घालतात, म्हणून.

प्रेमलाबाई : सांगतेय.

पाळक : मी तिच्यासाठी उपास केले, मावशी. निव्वळ पाण्यावर.

प्रेमलाबाई : प्रभू तुमचं भलं करो.

पाळक : काल जेवताना बायकोला म्हटलं, त्या मुलीच्या घरी एकदा जाऊन यायला पाहिजे, प्रेमलामावशींना पत्ता विचारतो. तर तिला ठसकाच लागला. हसता हसता घास अडकला. म्हणाली, अहो, ती साडेसातच्या मालिकेतली आहे!

प्रेमलाबाई : अगंबाई! पाळकीणबाई लेंटमध्ये मालिका बघतात?

पाळक : तो विषय आमच्या घरात वेगळा चालू आहे.

प्रेमलाबाई : चालू द्या. तुम्ही व्यासपीठावरून एवढा घसा फोडून सांगितलंत ना, की टीव्हीतून घराघरात पाप शिरतंय, हे चाळीस दिवस मालिका सोडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि घरी जाऊन काय केलं? आवाज कमी केला. मीटिंगला बसणाऱ्या एकूण एक बाईला शर्वरी कोण ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण बोलणार कोण? बोललं की बघतात हे कळणार.

पाळक : म्हणजे सगळ्याजणी डोळे मिटून, हात जोडून, नसलेल्या मुलीसाठी आमेन म्हणत होत्या?

प्रेमलाबाई : आणि मनात म्हणत होत्या, बिचारी प्रेमलाबाई, एकटी राहून राहून डोकं गेलं. तुम्हीही तेच तपासायला आलात. खोटं बोलू नका, पाळक आहात.

पाळक : हो. त्यासाठीच आलो. काळजी वाटली म्हणून. पण अजून एक आहे. आज पहाटे उठून मी मोबाईलवर त्या मालिकेचे मागचे भाग पाहिले.

प्रेमलाबाई : तुम्ही?

पाळक : मीच. झाला तेवढा अपमान पुरे, हसू नका. ती शर्वरी महाबळेश्वरला आहे. नवऱ्याबरोबर स्ट्रॉबेरी खातेय. सासू फोन करून विचारते, स्वेटर घातलास का गं बाळा. तिला कुणी कोंडलेलं नाही. मग कडी कुठून आली, मावशी?



प्रेमलाबाई : हेमाच्या घरातून.

पाळक : हेमा? तुमची हेमा?

प्रेमलाबाई : माझी एकुलती एक हेमा. तुमच्या कमिटीचे चेअरमन आप्पासाहेब, त्यांची सून. क्वायरमध्ये पहिल्या रांगेत उभा राहून डोळे मिटून गातो ना, त्या जयसिंगची बायको. रात्रपाळीला जाताना बाहेरून कडी घालतो. सकाळी मूड असेल तेव्हा काढतो. हात उचलतो तो वेगळाच.

पाळक : आप्पासाहेब घरातच असतात की.

प्रेमलाबाई : असतात ना. शेजारच्या खोलीत. पवित्र शास्त्र वाचत.

पाळक : तुम्ही सरळ कुणाला का नाही सांगितलंत?

प्रेमलाबाई : सांगितलं. तुमच्या आधीच्या पाळकसाहेबांना. त्यांनी जयसिंगला नि हेमाला समोर बसवलं, दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि पुरणपोळी खाऊन गेले. त्या रात्री तिला किती मार पडला असेल ते तुम्हीच समजा. मी स्वतः जाऊन आले येरवड्याला, तिच्या सासरी. जयसिंगनं हसत दार उघडलं. म्हणाला, विचारा की तुमच्या लेकीलाच. ती म्हणाली, मी सुखात आहे आई. आता पोलिसांत जाऊन मी काय लिहून देऊ, लेक सुखात आहे म्हणून?

पाळक : फोन करते का ती?

प्रेमलाबाई : करायची. मालिका संपली की रोज. फोन स्पीकरवर ठेवून, जयसिंग शेजारी सोफ्यावर. घरात बाईमाणूस ती एकटीच, आणि त्या दोघा पुरुषांना मालिकेतलं ओ की ठो कळत नाही. एकदा म्हणाली, आई, आज शर्वरीला जेवायला नाही दिलं गं. मी म्हटलं, अगं ती तर हॉटेलात बसून जेवत होती. मग म्हणाली, तू नीट बघत नाहीस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उभी जिंदगी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, पाळकसाहेब. लोक काय बोलतात आणि काय सांगतात, ते मला कळायला हवं होतं. तिथून आम्ही शर्वरीचंच बोलायचो. शर्वरी कशी आहे, झोपली का, रडली का. जयसिंग वैतागून म्हणायचा, काय ही बायकांची बडबड.

पाळक : आणि आता?

प्रेमलाबाई : आता कसलं! तुम्ही मालिका सोडायचा तो संदेश दिलात, आणि आप्पासाहेब उपासनेतच उठून उभे राहिले. आठवतंय?

पाळक : म्हणाले, चाळीस दिवस कशाला, आमच्या घरात कायमची बंद. टाळ्या पडल्या होत्या.

प्रेमलाबाई : तुम्हीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी केबल काढली. मालिका नाही, मग मालिकेवर बोलायला फोन कशाला? जयसिंगनं तिचा फोन काढून घेतला. आमचा तेवढाच एक रस्ता होता हो. तो तुम्ही बंद केलात.

पाळक : प्रभू, क्षमा कर.

प्रेमलाबाई : त्याला मधे घेऊ नका. मग मला ती जवळून दिसायची फक्त बुधवारी. नवऱ्या-सासऱ्यासोबत येते, मागे भिंतीला टेकून बसते. तिच्याजवळ जाऊन बसावं तर जयसिंग मधे खुर्ची टाकतो. मग मी विनंती सांगायला लागले. तुमच्यासाठी नाही, प्रभूसाठीही नाही, तिच्या कानावर पडावं म्हणून. आईला कळतंय, एवढंच. लोक मला वेडी म्हणोत.

पाळक : मावशी... गेल्या बुधवारी हेमानं विनंती सांगितली होती.

प्रेमलाबाई : आठवतंय ना?

पाळक : ती कधी तोंड उघडत नाही, म्हणून लक्षात राहिलं. म्हणाली, शर्वरीला तिच्या आईकडे जायला वाट मिळावी.

प्रेमलाबाई : तुम्ही काय म्हणालात?

पाळक : आमेन म्हणालो. आणि नंतर, पुढची विनंती.

प्रेमलाबाई : आठ दिवस झाले त्याला. ती वाट बघत असेल आणि मी इथे कुरडया घालत बसलेय. काय करू, सांगा ना. भांडायचं म्हटलं तर अंगात बळ राहिलं नाही. या वयात मंडळीतून काढलं तर जाऊ कुठे? मेल्यावर मला पुरायलासुद्धा आप्पासाहेबांची सही लागते.

पाळक : माझी नेमणूकही तेच वाढवतात. जूनमध्ये. पाळकघर, पोरींची शाळा, सगळं त्याच सहीवर. मी लपवत नाही तुमच्यापासून. मलाही भीती वाटते.

प्रेमलाबाई : वाटणारच. मी तुम्हाला दोष देत नाही. चहा प्या आणि जा. डोकं ठिकाणावर आहे म्हणून सांगा सगळ्यांना.

पाळक : आजची मीटिंग कुणाकडे आहे?

प्रेमलाबाई : त्यांच्याकडेच. येरवड्याला. पाच वाजता. अहो, तिथे तिचं नाव घेऊन प्रार्थनाबिर्थना करू नका हं! तुम्ही आमेन म्हणून घरी जाल, तिला रात्री त्याच खोलीत राहायचंय.

पाळक : प्रार्थना नाही करणार. मीटिंग संपली की सगळ्यांसमोर तिला विचारणार, हेमा, आईकडे यायचंय का?

प्रेमलाबाई : ती म्हणेल, मी सुखात आहे.

पाळक : मग सांगेन, की शर्वरीसाठी मी वाट विचारून आलोय, बाहेर रिक्षा उभी आहे. तेवढं तिला कळेल ना?

प्रेमलाबाई : कळेल. पण जयसिंग?

पाळक : मी मधे उभा राहीन. माझ्या बायकोलाही घेऊन येतो, ती त्याला माझ्यापेक्षा जास्त सुनावेल. मालिका बघणाऱ्या त्या सगळ्या बायका तिथेच असतील. आज मी सांगेन त्यांना, कुणासाठी आमेन म्हणत होत्या ते.

प्रेमलाबाई : आणि जूनमध्ये?

पाळक : जूनचं मला माहीत नाही, मावशी. तुम्ही चप्पल घाला.

प्रेमलाबाई : थांबा जरा. तिच्या पलंगावर मी कुरडया वाळत घातल्यात, त्या आधी उचलते.