तांब्याची नळी

—अहो नाही भाऊ, मिथेनॉलला कशाला बोल लावता, ते बिचारं आपलं काम करतं. बसा, आमचे हे हात धुताहेत, येतीलच. वीस वर्षं या गॅरेजच्या शेडमागच्या खोलीत संसार केलाय मी, मला एवढं कळतं. तुमच्या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन इतकं चढवलेलं, नुसतं पेट्रोल आत वेळेआधीच पेटायचं — म्हणून पाणी-मिथेनॉलचा फवारा. आत गारवा आला की स्पार्क अंशाअंशाने पुढे घ्यायचा, म्हणजे ठिणगी जरा आधी पाडायची, ताकद वाढते. कुठवर घ्यायचा? तीच तर मेख! जास्त झालं की आतून आवाज येतो, पत्र्यावर हरभरे सांडल्यासारखा. आला की दोन अंश मागे. त्या बाबतीत यांच्या कानाला तोड नव्हती.

नव्हती म्हणजे — आहे हो. आहेच. जाऊ दे, कुठवर झाकायचं? इंजिनाला लावलेली ती तांब्याची नळी, पुढे रबरी नळी आणि टोक माझ्या कानात — तुम्ही हसलात, 'वहिनी डॉक्टर झाल्या' म्हणालात. मीही हसले. काय करणार? यांना भोंगा ऐकू येतो, माझी कटकट ऐकू येते, पण तो बारीक आवाज — दोन वर्षं झाली, गेला. आमच्यात त्यावर बोलणं नाही. एकदा नळी हातात दिली, म्हणाले, 'धर गं, पाठ धरलीय माझी.' पाठ! मी धरली. हरभरे वाजले की 'बास' म्हणायचं, एवढंच माझं काम.

मग पिस्टन कसा वितळला? फवाऱ्याचं नोझल तुंबलं असं सांगितलं ना यांनी? नव्हतं तुंबलं. त्या दिवशी गुरुवार होता, आणि गुरुवारी माझं मौन असतं, दिवस मावळेपर्यंत शब्द नाही. नवस आहे. कशासाठी काय विचारता — यांच्या कानांसाठीच की! तुमची शर्यत रविवारी, तुमची घाई, हेही नळी देऊन मोकळे. हरभरे वाजले, मी हात वर केला. यांना वाटलं, वाढव म्हणतेय. एक अंश आणखी. मी दंड धरला, हलवला — 'हो गं, घेतोय ना पुढे!' एक शब्द, भाऊ. एवढासा शब्द. देव काही माझ्या तोंडाशी कान लावून बसला नव्हता. पण बाविसावा गुरुवार, मोडायचा कसा — एवढ्यात तो धूर. यांनी इंजिन बंद केलं. नोझल काढलं, पुसलं, तुम्हाला दाखवलं. तीन आठवडे तेच पुसताहेत.

दमले हो मी. गाडी दुसरीकडे न्यायची तर न्या, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. ठेवलीत तर मात्र नळी माझ्या कानात आणि तोंड मोकळं, वार कुठलाही असो. नवस? त्याचं मला आताशा असं वाटतं, की देवाने ऐकलंय. एकाचं गेलं ते दुसरीच्या कानात घातलंय. मीच वेडी, गप्प बसून मागत होते.

हळू — आले. त्यांच्याकडे तोंड करून बोला, म्हणजे त्यांना कळतं. आणि गाडीची चावी अशी माझ्यापुढे काय धरताय? त्यांच्या हातात द्या.