माइक टेस्टिंगची टेप

नाही हो, तुमचं काही चुकलं नाही, बोललात ते बरंच झालं — बसा, इथे जिन्यातच बसा जरा, आत काय, तो कंपनीचा टायवाला आता पुन्हा ती लेसरवाली नवी चकती लावणार, काच फुटल्याचा आवाज, इंजिनाचा आवाज, आणि सगळे माना डोलावणार. स्पीकर झकास आहेत! मी कुठे नाही म्हणतोय? पुरुषभर उंचीचे, दोघांनी उचलायला लागतील असे — आणि तबल्याचा तो बायाँ? असा घुमला की आधी बरगडीत कळला, मग कानात. गाणारा तर दोन स्पीकरच्या मधोमध, भिंतीच्याही थोडा मागे, पुढे होऊन नमस्कार करावा इतका खरा. कळतं मला त्यातलं. मुलुंडला आमच्याकडे दर रविवारी मंडळी जमतात, प्रत्येक जण आपापली मशिनं घेऊन येतो, आणि मी नाक मुरडलं ना, की तो अँप्लिफायर सोमवारी दुकानात परत. मार्तंड — माझ्या शेजारी बसला होता ना आत, तो चष्मेवाला, तोच — तो तर म्हणतो, विद्याधर, तुझे कान म्युझियममध्ये ठेवायला पाहिजेत. ठेवा म्हणावं आता.

मी मगाशी लावायला दिली ती कॅसेट? गायिका कुठली हो, बायको ती माझी. सुनंदा. आपल्या लोकांची रीतच आहे ना, दुसऱ्याच्या रेकॉर्डवर स्पीकर पारखायचा नाही, आपली टेप आपण न्यायची, जिचा आवाज आपल्याला पाठ आहे — मग मी तिला आणली. गाणं नव्हतंच ते, नवा माइक आणला होता, तो तपासायचा होता, म्हटलं बोल काहीतरी. ती म्हणाली, मला कामं आहेत, तांदूळ निवडायचेत. म्हटलं निवड की, निवडता निवडता बोल. बोलायला काही सुचेना तर गुणगुणायला लागली — ताटात खडा टाकल्याचा टिक् आवाज, आणि बांगड्या. हिरव्या काचेच्या, हातभर. बाजारात इतक्या रेकॉर्डी आहेत, काचेची बांगडी अशी कुठे सापडत नाही. बाकी काही नाहीये हो तिचं माझ्याकडे. फोटो आहेत, पण फोटो काय, फोटो बोलतो का? गेली ती. किडनीचं होतं.

मग रोज लावायचो. आंघोळ, चहा आणि ती टेप, नेमच. आणि एक दिवस बांगड्या गेल्या! आवाज होता, गुणगुणणं होतं, पण काच नाही. मी म्हटलं, वाट लागली, टेप झिजली. टेप झिजली की आधी वरचा, बारीक आवाज जातो, हे काय सांगायला पाहिजे? स्पिरिटने मशिनचा हेड पुसला. मग हेडच बदलला, लॅमिंग्टन रोडला जाऊन नवा आणला. स्पीकरमधले बारीक आवाजाचे ट्वीटर बदलले, वायरी बदलल्या. छे! शेवटी म्हटलं, विद्याधर, आता लावूच नकोस, जेवढं उरलंय तेवढं तरी राहू दे. प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि कपाटात ठेवली, तिच्या साड्यांत. वर्षभर ऐकली नाही हो मी तिला. इतकं मन व्हायचं, कपाट उघडायचो आणि बंद करायचो. जपत होतो ना!

आज म्हटलं, एवढे भारी स्पीकर अंधेरीत आलेत, टेपवर कणभर जरी काच उरली असेल तर हे ती काढतील. म्हणून आलो, खोटं कशाला बोलू, नाहीतर मला काय घ्यायचेत ते? लावली. आणि तुम्ही मागून म्हणालात, अरे वा, बांगड्या बघा काय स्वच्छ वाजतायत. मला वाटलं थट्टा करताय. मार्तंडकडे बघितलं तर तो चष्मा काढून डोळे पुसतोय. त्या टायवाल्याला म्हटलं, वरचा आवाज, ट्रेबल वाढव. वाढवला. म्हटलं, अजून. त्या पुढच्या बाईंनी कानात बोटं घातली, पाहिलंत ना तुम्ही? मी म्हणतोय अजून, आणि तो म्हणतोय साहेब, ट्वीटर जातील — आणि मला काही नाही. काही म्हणजे काहीच नाही. त्या बाईंची बोटं बघितली तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझं हे जपानी घड्याळ, तासाला पिकपिक करायचं, ती पिकपिक बंद पडली म्हणून मी सेल बदलून आणला! तोही पुन्हा पुन्हा. जगातली प्रत्येक वस्तू बिघडली, फक्त माझे कान तेवढे नवेकोरे. काय म्हणावं या माणसाला?

मशीन? ते कानातलं? अहो, त्याचा स्पीकर केवढा, हरभऱ्याच्या डाळीएवढा! त्यातून सुनंदा ऐकू मी? बरं, बरं, रागावू नका, जाईन डॉक्टरकडे, जायलाच लागेल. पण मार्तंडला एवढ्यात काही बोलू नका हं. रविवारी येतील सगळे, विचारतील, कसे होते स्पीकर, आणि मी — काय सांगू मी त्यांना? गुणगुणणं येतं हो अजून, नाही असं नाही. भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं. पण तेही किती दिवस येणार, कोण सांगणार? आणि ते चांगलं ऐकू येत होतं तेव्हा मी कपाटाला कुलूप लावून बसलो होतो.

एक सांगाल? अगदी शेवटी, ती गुणगुणायची थांबते, म्हणते, झालं का हो तुमचं, आणि टेप बंद करायला स्वतःच हात पुढे करते — तिथे बांगड्या वाजल्या? मला बरं वाटावं म्हणून नको, खरं सांगा. वाजल्या म्हणता. एकदम सगळ्या, का एकेक? एकेक. हं.

म्हणजे टेपला काही झालेलं नाही.

जा तुम्ही आत. कॅसेट त्याच्या मशिनमध्येच आहे अजून, त्याला म्हणावं पुन्हा लाव, पहिल्यापासून. नाही, मी नाही येत. पण तुम्ही ऐका, कुणीतरी ऐकायला पाहिजे ना तिला. उठा हो. आणि जाताना ते दार लावून घ्या.